थार-जिम्नीवर लटकणारा तो लांबलचक जॅक कुठे ठेवायचा, कसा सांभाळायचा?

पावसाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर चिखलातल्या गाड्यांच्या रील्सना पूर येतो. थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या टपावर, बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या स्टेपनीजवळ भोकाभोकांचा एक लांब लोखंडी दांडा बांधलेला दिसतो. कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, 'भावा, ते काय आहे?' उत्तर येतं, 'हाय-लिफ्ट जॅक.'

गाडी खड्ड्यात रुतली की चाक उचलून त्याखाली दगड किंवा फळी सरकवण्यासाठी हा जॅक वापरतात. ऑफ-रोडिंगच्या सामानात इतकं उपयोगी आणि त्याच वेळी इतकं धोकादायक हत्यार दुसरं क्वचितच सापडेल. गंमत अशी की, गाडीवर बांधलेले यातले कितीतरी जॅक वर्ष-वर्ष कुणी हातात घेत नाही. ऊन खातात, पाऊस खातात, लाल मातीचा थर अंगावर घेतात. मग एके दिवशी खरोखर गरज पडते तेव्हा जॅक गाडी निमूट वर उचलतो. अडचण नंतर येते. गाडी खाली यायलाच तयार नसते, किंवा एकदम धाडकन खाली येते.

हे का होतं, आणि ते होऊ नये म्हणून जॅक कुठे ठेवायचा, कसा साफ करायचा, हे समजून घेऊ.

हा जॅक आहे तरी काय?

'हाय-लिफ्ट' हे खरं तर एका अमेरिकन कंपनीचं नाव. इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड या छोट्या गावातली ही कंपनी १९०५ पासून हा जॅक बनवते. मूळ गिऱ्हाईक होतं शेतकरी. कुंपणाचे खांब उपटायचे, झाडांचे बुंधे काढायचे, गाडे उचलायचे, ही त्याची कामं. म्हणून याला 'फार्म जॅक' असंही म्हणतात. कॅनडात असाच जॅक 'जॅकऑल' नावाने मिळतो. आपल्याकडे मात्र कुठल्याही कंपनीचा असला तरी लोक त्याला सरसकट 'हाय-लिफ्ट'च म्हणतात, जसं कुठल्याही झेरॉक्सला झेरॉक्स.

रचना बघितली तर शंभर वर्षांत फारसं काही बदललेलं नाही. खाली एक छोटी पाटी, म्हणजे बेस प्लेट. त्यावर उभा लोखंडी बार, ज्याला वरपासून खालपर्यंत भोकं. त्या बारवर वर-खाली सरकणारा एक बिडाचा भाग, त्याला 'रनर' म्हणतात. त्याच्या पुढे आलेल्या नाकावर गाडी टेकते. आणि पंप मारायला एक लांब हँडल. ३६, ४२, ४८ आणि ६० इंच अशा उंचीत तो मिळतो. जास्त दिसतो तो ४८ इंची, म्हणजे चार फुटी. त्याचं वजन साधारण १३ किलो. हा १३ किलोचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूळ कंपनीच्या ४८ इंची जॅकची अधिकृत क्षमता ४,६६० पौंड आहे, म्हणजे सुमारे २,११० किलो. ऑफ-रोडिंगच्या गाडीचं एक चाक किंवा एक बाजू उचलायला हे पुरतं. क्षमता हा या जॅकचा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे त्याच्या पोटातल्या दोन छोट्या पिनांचा.

सगळा खेळ दोन पिनांचा

माडावर चढणारा माणूस आठवा. पाय खोडाला घट्ट रोवतो आणि हात वर नेतो. मग हातांनी खोड धरतो आणि पाय वर घेतो. कुठल्याही क्षणी हात किंवा पाय, दोन्हीपैकी एकाने झाड धरलेलं असतंच.

हाय-लिफ्ट जॅक अगदी असाच चढतो. रनरमध्ये बोटाएवढ्या दोन पिना असतात. प्रत्येकीमागे एक छोटी स्प्रिंग. हँडल खाली दाबलं की एक पिन भोकात बसून भार धरते आणि दुसरी वरच्या भोकात सरकते. हँडल वर नेलं की दुसरी भार धरते आणि पहिली पुढे सरकते. खट, खट, खट. प्रत्येक 'खट' म्हणजे एक पिन भोकात बसल्याची पावती.

बाजूला एक छोटा खटका असतो. तो वर असला की जॅक चढतो, खाली केला की उतरतो. उतरतानाही तोच खेळ, फक्त उलटा.

आता या पिनांच्या खोबणीत चिखल गेला आणि वाळून दगड झाला, किंवा स्प्रिंग गंजून ढिली पडली तर काय होईल? पिन भोकात पूर्ण शिरणार नाही. चढताना हे लगेच जाणवतं, जॅक पकड घेत नाही, तुम्ही थांबता. उतरताना मात्र गाडीचं वजन वर असतं. एक पिन सुटली आणि दुसरी भोकात बसलीच नाही, तर माडावरच्या माणसाने हात आणि पाय एकाच वेळी सोडल्यासारखं होतं. किंवा उलट, दोन्ही पिना जाम होतात, खटका फिरतच नाही, आणि गाडी एक चाक हवेत ठेवून तशीच लटकत राहते.

म्हणजे या जॅकची देखभाल म्हणजे मुख्यतः या दोन पिना आणि त्यांच्या स्प्रिंगांची देखभाल. बारला लावलेला चकचकीत रंग, स्टिकर, मॅचिंग कव्हर, हे सगळं त्यानंतर.

हँडलपासून तोंड लांब का ठेवायचं?

देखभालीच्या आधी हे सांगणं भाग आहे, कारण खराब पिनांची किंमत बहुतेक वेळा हँडलजवळ उभा असलेला माणूस मोजतो.

गाडी उतरवताना भार हँडलवर येतो आणि ते जोरात वर उसळू पाहतं. हात निसटला तर हँडल बारवर फाडकन आपटतं. मध्ये हनुवटी, दात किंवा कपाळ आलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. कधी कधी ते एकदाच उसळून थांबत नाही, भार संपेपर्यंत आपोआप वर-खाली होत राहतं. अशा वेळी ते पकडायला जाऊ नये. दूर व्हावं.

म्हणून दोन सवयी लागतात. खटका वर-खाली करण्याआधी हँडल बारला चिकटवून उभं करायचं. आणि पंप मारताना डोकं कधीही हँडलच्या वाटेत, म्हणजे हँडल आणि बारच्या मध्ये आणायचं नाही. हँडलला पाइप जोडून ते लांब करण्याचा मोहही टाळायचा. पिना कोरड्या आणि अडखळणाऱ्या असतील तर हँडल ओढायला जास्त जोर लागतो, धक्के बसतात आणि हात सुटण्याची शक्यता वाढते. देखभाल आणि दुखापत यांचा संबंध असा सरळ आहे.

आणि हो, फक्त या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरायचं नाही. हा जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही.

मग ठेवायचा कुठे?

इथे मतं वेगळी पडतात, आणि खरं सांगायचं तर कुठलीच जागा बिनचूक नाही. आत ठेवला तर जॅक सुरक्षित, माणसं धोक्यात. बाहेर ठेवला तर माणसं सुरक्षित, जॅक धोक्यात.

आतपासून सुरुवात करू. बरेच जण जॅक मागच्या सीटच्या पायाशी किंवा डिकीत नुसता आडवा टाकतात. आता तो १३ किलोचा आकडा आठवा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना कशाला तरी धडकली, तर गाडी थांबते, मोकळा जॅक थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. या वेगातली ऊर्जा साधारण दहा मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूएवढी असते. तिसऱ्या मजल्यावरून १३ किलोचं टोकदार लोखंड सोडावं आणि खाली तुमचे घरचे बसलेले असावेत, असा हा प्रकार आहे. गाडी उलटली तर हेच लोखंड आतल्या आत भिरभिरतं. ऑफ-रोडिंगमध्ये गाडी कलंडणं ही काही अशक्य गोष्ट नाही.

तेव्हा आत ठेवायचाच असेल तर तो बांधलेला हवा, तोही गाडीच्या पत्र्याला किंवा चासीला पक्क्या केलेल्या हुकांना. प्लास्टिकच्या ट्रिमला लावलेली क्लिप, बंजी दोरी किंवा सुतळी इथे चालत नाही. रॅचेटचा पट्टा दोन ठिकाणी, एक बेसजवळ आणि एक रनरजवळ, घट्ट ओढून बांधायचा. आत ठेवण्याचा फायदा मोठा आहे. पाऊस नाही, धूळ कमी, चोरीची भीती कमी. वर्षातून दोन-चारदाच गाडी रानात नेणाऱ्यांसाठी हाच पर्याय जास्त शहाणपणाचा.

बाहेर लावायचा तर पर्याय अनेक. टपावरच्या कॅरिअरवर लावला तर जॅक चिखलापासून लांब राहतो, पण १३ किलो वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी जातं, आणि तिरक्या उभ्या गाडीच्या टपावरून एवढं लोखंड एकट्याने उतरवणं हे वेगळंच संकट. मागच्या दरवाजावर स्टेपनीबरोबर लावणारे पुष्कळ आहेत. हात लगेच पोहोचतो हे खरं, पण त्या दरवाजाच्या बिजागऱ्यांवर आधीच स्टेपनीचं वजन असतं. शिवाय मागच्या चाकांनी उडवलेला चिखल नेमका तिथेच येऊन बसतो. बॉनेटच्या कडेला बांधलेला जॅक फोटोत सगळ्यात भारी दिसतो. मात्र ड्रायव्हरच्या नजरेआड काय जातंय ते एकदा सीटवर बसून बघावं.

पुढच्या बंपरवर लावायचा विचार असेल तर एक कायदेशीर बाबही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना गाड्यांवरच्या बेकायदा बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. त्यामुळे जॅक लावण्यासाठी आधी बुल बार आणि मग त्यावर ब्रॅकेट, ही साखळी दंडाच्या पावतीपर्यंत जाऊ शकते.

जागा कुठलीही निवडली तरी बाहेरच्या जॅकसाठी काही गोष्टी सारख्याच. ब्रॅकेट दोन असावेत, एकमेकांपासून लांब. हाताने फिरवायचे नट असतील तर ते खडबडीत रस्त्यावर ढिले होतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर एकदा हात लावून बघायचा. कुलूप लावत असाल तर त्यालाही तेल पाजत राहायला हवं. जॅक ठणठणीत, पण कुलूप गंजून बसलंय आणि बाहेर पाऊस कोसळतोय, हाही अनुभव ऑफ-रोडवाल्यांना नवा नाही.

ठेवताना खटका 'वर', म्हणजे चढण्याच्या स्थितीत ठेवायचा. तो खाली राहिला आणि रनरवर पुरेसं वजन नसलं तर रनर घसरत थेट बेसपर्यंत येतो, मध्ये बोट असलं तर बोटासकट. हँडल बारला बांधून ठेवायचं. त्यासाठी बाजारात रबरी कडी मिळतात. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद चकती कापून आणली तरी काम तेच होतं, आणि रस्ताभर वाजणारा खडखडाटही थांबतो.

आता कव्हरबद्दल. रनरवर घालायला कापडी किंवा निओप्रीनचं कव्हर मिळतं आणि ते घ्यावंच. पण कव्हर म्हणजे देखभालीतून सुटका नव्हे. ओल्या जॅकवर कव्हर घालून ते महिनाभर तसंच ठेवलं तर आत ओल कोंडते आणि उघड्या जॅकपेक्षा झाकलेला जॅक लवकर गंजतो. ट्रिपहून आलं की कव्हर काढायचं, दोन्ही वेगवेगळे वाळवायचे. पावसाळ्यातले चार महिने गाडी फक्त ऑफिसला जाणार असेल, तर जॅक बाहेर लटकवून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. काढून घरात, कोरड्या जागी ठेवावा. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्यासारख्या ठिकाणी तर समुद्रावरचा खारा वारा पाऊस नसतानाही लोखंड खातो, तिथे हे बारा महिने लागू.

साफ कसा करायचा?

साफसफाई अवघड नाही. अर्धा तास लागतो. पण बहुतेक लोक नेमकी दोनच चुका करतात. एक म्हणजे ग्रीस, आणि दुसरी म्हणजे नुसतं पाणी मारून सोडून देणं.

ग्रीसचं समजून घेण्यासारखं आहे. लोखंडावर लोखंड घासतंय म्हटल्यावर कुणीही ग्रीसचा डबा उघडतो. गॅरेजमध्येही 'भरपूर ग्रीस मार' हाच सल्ला मिळतो. बंद जागेतल्या बेअरिंगसाठी तो योग्यही आहे. इथे मात्र बार आणि पिना उघड्या आहेत. ग्रीस चिकट, त्यावर धूळ बसते, सह्याद्रीतली लाल माती बसते, बारीक वाळू बसते. थोड्या दिवसांत त्याची कुरकुरीत पेस्ट होते, जी पिना घासून बारीक करते आणि खोबणीत घट्ट बसते. इंजिन ऑइलचंही तेच. ऑफ-रोड जॅकला पातळ, कोरडं राहणारं वंगण लागतं. सिलिकॉन स्प्रे किंवा टेफ्लॉनवालं ड्राय ल्युब चांगलं. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हटवायला आणि जाम झालेलं सोडवायला उत्तम, पण तो फार काळ टिकत नाही. त्यामुळे आधी तो मारून साफ करायचं, पुसायचं आणि मग सिलिकॉन किंवा ड्राय ल्युब, हा क्रम बरा.

चिखलातून आल्यावर जॅक ओला असतानाच धुतला तर निम्मं काम आपोआप होतं. चिखल वाळला की तो सुटता सुटत नाही. साध्या नळीने पाणी मारायचं. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने बारची भोकं छान निघतात, पण तोच फवारा अगदी जवळून पिनांवर मारला तर बाहेरची माती आत कोंबली जाते. पिनांसाठी जुना टूथब्रश किंवा भांडी घासायचा तारेचा बारीक ब्रश पुरतो. बारची भोकं एकेक करून मोकळी करावी लागतात. स्क्रू ड्रायव्हर आरपार घातला की झालं. कंटाळवाणं आहे, पण एका भोकात राहिलेला खडासुद्धा पिन अर्धवट बसवतो.

धुतल्यावर जॅक उन्हात उभा करून पूर्ण वाळवायचा. पंक्चरवाल्याकडे हवेची नळी असते, तिने रनरमधलं पाणी उडवून घेतलं तर उत्तमच. मग दोन्ही पिना, त्यांच्या स्प्रिंगा, खटका आणि हँडलचा सांधा यांवर स्प्रे मारायचा आणि भार न ठेवता रनर बारवर पूर्ण वर, पूर्ण खाली असा चार-पाच वेळा न्यायचा. दोन्ही पिनांचा 'खट' स्वच्छ ऐकू आला पाहिजे. एक स्पष्ट आणि एक मवाळ येत असेल, तर मवाळ आवाजाच्या पिनेमागे अजून माती आहे किंवा तिची स्प्रिंग गेली आहे.

स्प्रेचा डबा डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेजवळ ठेवू नका. ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असं त्यावर छापलेलं असतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डला हा आकडा ओलांडायला फार वेळ लागत नाही.

एक बोल्ट, जो तुटण्यासाठीच बनवलाय

जुन्या घरांमध्ये फ्यूज उडाला की काही लोक तिथे जाड तार बांधायचे. फ्यूज पुन्हा उडायचा नाही, पण मग एखाद दिवशी वायरिंगच पेटायचं. हाय-लिफ्ट जॅकमध्ये असाच एक फ्यूज आहे, त्याचं नाव शिअर बोल्ट.

जॅकवर क्षमतेच्या फार पलीकडे भार आला, साधारण ७,००० पौंड म्हणजे ३,१७५ किलोच्या आसपास, तर हा बोल्ट तुटतो. तो तुटला की जॅक आणखी वर चढत नाही, पण भार आहे तिथेच धरून राहतो. बार वाकण्याआधी किंवा रनर फुटण्याआधी मिळालेली ही सूचना असते.

आता हा बोल्ट तुटल्यावर काय करतात? गॅरेजमध्ये जातात. तिथला कारागीर भल्या मनाने म्हणतो, 'साहेब, हलका बोल्ट होता. हाय टेन्साइलचा टाकून देतो, परत तुटणार नाही.' आणि तो खरंच परत तुटत नाही. पुढच्या वेळी दुसरं काहीतरी तुटतं, आणि ते तुटताना आवाज मोठा होतो. म्हणून मूळ कंपनीचाच शिअर बोल्ट लावायचा. दुसऱ्या कंपनीचा जॅक असेल तर त्यांनी दिलेलाच. पिना, स्प्रिंगा आणि शिअर बोल्ट असलेला छोटा दुरुस्ती संच मूळ कंपनी विकते. तो पाकिटात घालून जॅकबरोबरच ठेवला तर रानात शोधाशोध होत नाही.

बोल्ट तुटला म्हणजे जॅक त्याच्या हद्दीपलीकडे गेला होता, एवढं नक्की. त्यामुळे नवा बोल्ट लावण्याआधी बार आणि रनर नीट तपासल्याशिवाय तो पुन्हा वापरू नये.

निघण्याआधी काय बघायचं?

ट्रिपच्या आदल्या रात्री घाईत नाही, आठवडाभर आधी बघितलेलं बरं. स्प्रिंग गेलेली निघाली तर ती मागवायला वेळ मिळतो.

बार सरळ आहे का, हे एका टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं की कळतं, सुतार फळी बघतो तसं. भोकं गोल असावीत, लांबट झालेली नसावीत. रनरच्या नाकाजवळ आणि पिनांच्या खोबणीजवळ तडे शोधायचे. हा भाग बहुधा बिडाचा असतो आणि रंगाखाली बारीक तडा लपतो. म्हणूनच जुन्या जॅकला हौसेने नवा रंग मारण्याआधी दोनदा विचार करावा. रंगाचा जाड थर भोकांमध्ये आणि पिनांवर गेला तर पिना अडकतात, आणि तडा असेल तर तो दिसायचा बंद होतो. सेकंडहँड जॅक घेताना तर चकाचक रंगवलेल्यापेक्षा थोडा गंजलेला पण बिनरंगी जॅक जास्त प्रामाणिक समजावा.

बेस प्लेट साधारण चार बाय सात इंचांची असते. भाताच्या खाचरात किंवा भुसभुशीत मातीत एवढीशी पाटी थेट खाली जाते आणि गाडी आहे तिथेच राहते. म्हणून जॅकबरोबर फूटभर लांब-रुंद जाड प्लायवूडचा तुकडा ठेवायचा. जॅक आहे आणि फळी घरी राहिली, तर पावसाळ्यात जॅक नसल्यातच जमा.

आणखी एक गोष्ट आधीच तपासायची. आपल्या गाडीला हा जॅक लागतो तरी कुठे? नव्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात. त्याखाली नाक घातलं तर गाडी उचलली जात नाही, बंपर उचलला जातो. लोखंडी बंपर, रॉक स्लायडर किंवा चाकाच्या रिममध्ये अडकवायचे हुक आणि पट्टा, यातलं काही नसेल तर एवढं वजन वागवण्यापेक्षा साधा बॉटल जॅक आणि फळी जास्त कामाची.

आणि तरीही चिखलात जाम झाला तर?

गोव्यात २०१४ पासून ऐन पावसात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही ऑफ-रोड स्पर्धा होते. तिथल्या चिखलात बार डोळ्यांदेखत माखतो. तशी परिस्थिती कुठल्याही घाटात येऊ शकते.

जॅक वर अडकला आणि उतरेना, तर सगळ्यात आधी गाडीला दुसरा आधार द्यायचा. उचललेल्या चाकाखाली दगड, ओंडके, स्टेपनी, जे मिळेल ते रचायचं. उरलेल्या चाकांना ओट लावायची, हँडब्रेक ओढायचा. माणसं बाजूला. मग हँडल बारला चिकटवून उभं ठेवून रनरवर बाटलीतलं पाणी ओतायचं, पिनांमधली माती धुऊन काढायची आणि स्प्रे मारायचा. स्प्रे संपला असेल तर स्वयंपाकाचं तेलही तात्पुरतं चालतं, पण घरी गेल्यावर ते पूर्ण धुवायला हवं. नंतर हँडल वर-खाली हलवून पाहायचं. जाम पिनेला बाजूने हलकेच हातोडीचा टोला दिला तर ती बहुतेकदा सुटते. टोला देताना शरीर हँडलच्या रेषेत नको आणि हात रनरखाली नको.

खटका जोराने खाली ढकलून काही होत नाही, तो तुटतो. एका भोकापुरतं आणखी वर उचलून, पिनांवरचा भार सरकवून मग खटका फिरवला तर काम होण्याची शक्यता जास्त.

कधी निवृत्त करायचा?

चांगला सांभाळलेला जॅक गाडीपेक्षा जास्त टिकतो. पिना, स्प्रिंगा, बोल्ट बदलता येतात. पण बार वाकला किंवा रनरला तडा गेला तर त्यावर इलाज नाही. वाकलेला बार ठोकून सरळ केला तरी तो पुन्हा तिथेच वाकतो. बिडाच्या भागाला कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने मारलेला टाका दिसायला पक्का असतो, भार आला की उघडतो.

असा जॅक भंगारात देताना अखंड देऊ नये. भंगाराच्या दुकानातून तो रंग चढून पुन्हा सेकंडहँड बाजारात येतो आणि कुणीतरी स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन जातो. ग्राइंडरने बारचे दोन तुकडे करून, रनर वेगळा काढून द्यावा. पिना आणि स्प्रिंगा चांगल्या असतील तर त्या काढून घ्याव्यात, त्याच मापाच्या दुसऱ्या जॅकला उपयोगी पडतात.